एका पातेल्यातून दोन ताटं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संशोधन केंद्राचे संचालक साहेब. व्यासपीठावर आवर्जून उपस्थित असलेल्या प्रमुख पाहुण्या, आरोग्य विभागाच्या सहसंचालक बाई. सल्लागार समितीचे सन्माननीय सदस्य. ज्यांनी एकोणीस वर्षं आपापल्या शाळेतल्या जिन्याखालच्या खोल्या मला वापरू दिल्या ते सर्व मुख्याध्यापक. माझे सहकारी बंधू-भगिनी. आणि लवकर निघता यावं म्हणून अगदी मागे, दाराजवळ बसलेले माझे यजमान, माझा मुलगा आणि सूनबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माइक जरा खाली घ्याल का? अजून थोडा. माझी उंची एकशे एकावन्न पूर्णांक चार आहे, चपला काढून. स्वतःची उंची दशांशापर्यंत पाठ असलेली या सभागृहात मी एकटीच असेन. धंद्याचा दोष, दुसरं काय.

साहेबांनी आत्ता माझ्याबद्दल जे गौरवाचे शब्द काढले, ते मी मान खाली घालून ऐकले. आपल्याला वाटलं असेल, बाई संकोचल्या. साहेब म्हणाले, एकतीस हजारांवर मोजमापं, आणि फेरतपासणीत एकही नोंद चुकीची निघाली नाही. हे खरं आहे. मी ते खोडून काढणार नाही. नसत्या विनयाचा मला कंटाळा आहे. पण त्याच बिनचूक नोंदींपैकी एकीबद्दल मला आज बोलायचंय. निरोपाच्या दिवशी गोड बोलावं असा संकेत आहे, मला माहीत आहे. पण खरं बोलायलाही हाच दिवस सोयीचा, कारण उद्यापासून मला कोणी मेमो देऊ शकत नाही.

नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींसाठी थोडं मागचं सांगते. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरीणबाईंनी हा अभ्यास सुरू केला. त्या आज हयात नाहीत. असत्या तर हे भाषण त्यांनीच केलं असतं, आणि माझ्यापेक्षा कितीतरी कडक केलं असतं. प्रश्न साधा होता. एकाच वस्तीतली काही मुलं इतकी जाड का होतायत आणि काही इतकी वाळकी का राहतायत? अकराशे मुलं निवडली. दरवर्षी त्यांचं वजन, उंची, दंडाचा घेर. शिवाय घरी जाऊन विचारपूस: कोण स्वयंपाक करतं, कोण वाढतं, मूल कुठे खेळतं, किती वाजता झोपतं. मी तेव्हा दवाखान्यात परिचारिका होते. बाईंनी मला मागून घेतलं. म्हणाल्या, "तुझ्या हातात मूल रडत नाही, म्हणून तू पाहिजेस."

मुलांनी माझं नाव ठेवलं वजनताई. काय दिवस होते ते. मुलं काट्यावर चढताना श्वास रोखून धरायची. त्यांना वाटायचं वजन कमी भरतं. एक मुलगी डोळे मिटून उभी राहायची. एकाने मला विचारलं होतं, "ताई, मी रागावलोय, तर आज वजन जास्त येईल का?" मी म्हटलं, रागाचं वजन अजून कुणाला मोजता आलेलं नाही, आलं की पहिलं तुला कळवते.

तर सहाव्या वर्षी अहवाल तयार झाला. बाईंनी आणि दोन सहायकांनी वर्षभर आकडे घुसळले, आणि वर काय आलं? मुलाच्या वजनाशी सगळ्यात घट्ट बांधलेली गोष्ट आईच्या कामाची वेळ होती. संध्याकाळच्या जेवणाला घरात मोठं माणूस बसतं की नाही, ही दुसरी. मग खेळायला मोकळी जागा, मग शाळेच्या फाटकासमोरची दुकानं, मग झोप. ताटात काय आहे हे यादीत पार खाली होतं. बाईंनी पाच शिफारशी केल्या. लहान मुलांच्या आयांना दुसरी पाळी लावू नये. शाळेची मैदानं संध्याकाळी उघडी ठेवावीत. फाटकासमोर खाऊची पाकिटं विकू नयेत. शाळेत दुपारचं जेवण मोठ्यांनी मुलांबरोबर बसून जेवावं. आणि पाचवी, आपली शेवटी जोडलेली: पालकांना मुलाच्या वाढीबद्दल कळवावं.

समितीची बैठक झाली तेव्हा चहा-पाणी बघायला मी खोलीतच होते. पहिल्या चार शिफारशींवर सगळ्यांनी माना डोलावल्या. फार महत्त्वाचं आहे, म्हणाले. पुढे विचार करू, म्हणाले. पाचवी मात्र तिथल्या तिथे मंजूर. बाईंनी विचारलं, "शेवटचीच का?" तर एक सदस्य अगदी सरळपणे म्हणाले, "बाई, बाकीच्या चारांना कुणाची ना कुणाची परवानगी लागते. पत्राला लागत नाही." ते सदस्य आज इथे नाहीत. वाईट माणूस नव्हता तो. खरं तेच बोलला.

आणि पत्रं निघाली. हिरव्या पट्टीचं म्हणजे ठीक, पिवळ्या पट्टीचं म्हणजे सांभाळा, लाल पट्टीचं म्हणजे धोका. खाली दोन ओळींचा सल्ला छापलेला. ती घरोघर पोचवायची कुणी? जिच्या हातात मूल रडत नाही तिनं.

आता त्या घराबद्दल सांगते. नावं सांगणार नाही. अभ्यासात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तसा शब्द दिला होता, आणि तेवढा एक शब्द तरी मी पाळणार आहे.

चौघांचं घर. वडील लांबच्या गाड्या चालवायचे. महिन्यातून चार-पाच दिवस घरी. आई औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला, दुपारी दोन ते रात्री दहा. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोन खोल्या, पण आरशासारख्या. ओट्यावर पातेलं झाकून ठेवलेलं असायचं आणि झाकणावर उपडी वाटी, मांजर येतं म्हणून. संध्याकाळी सात वाजता मुलगी ते गरम करायची, दोन ताटं वाढायची, भावाला हाक मारायची.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पत्रांच्या दोन महिने आधी विचारपुशीला म्हणून संध्याकाळी गेले होते. मुलगा चार घास खाऊन उठला. आई नसली की तो जेवायचाच नाही. बहिणीने त्याला गोष्ट सांगितली, दटावलं, हाताने भरवलं. मग स्वतःचं ताट संपवलं आणि त्याचंही संपवायला घेतलं. मी म्हटलं, "अगं, तुला इतकी भूक आहे का?"

ती म्हणाली, "नाही. पण आई आली की पहिलं ताटं बघते. उरलेलं दिसलं की रडते, म्हणते माझ्या पोरांना मी जेवू घालत नाही. म्हणून मी संपवते. तुम्ही सांगू नका तिला."

मी सांगितलं नाही. नोंदवहीत शेऱ्याच्या जागी मात्र लिहिलं: बहीण भावाचं उरलेलं खाते, आईला वाईट वाटू नये म्हणून. पुढे माहिती संगणकात भरताना शेरे गाळले, कारण शेऱ्यांना अंक नव्हते. मी तक्रार केली का? नाही केली. रीतच होती ती.

दोन महिन्यांनी त्या घरी मी दोन पत्रं घेऊन गेले. दोन्ही लाल. मुलीचं वजन फार जास्त, मुलाचं फार कमी. सकाळची वेळ होती, आई भाजी चिरत होती. ओले हात पदराला पुसून तिने पत्रं घेतली, एक वाचलं, दुसरं वाचलं, आणि दोन्ही शेजारी शेजारी धरली.

"ताई," ती म्हणाली, "मी एकाच पातेल्यातून वाढते. मग एक जास्त आणि एक कमी, असं कसं?"

मला उत्तर ठाऊक होतं, मंडळी. मला त्या ताटांचं ठाऊक होतं. पण मुलीला शब्द दिला होता, हे एक. आणि खरं कारण सांगून ती बाई करणार काय होती? पाळी बदलून मिळणार होती का तिला? म्हणून मी छापलेला सल्ला वाचून दाखवला. मुलीला निम्मं वाढा. मुलाला दीडपट वाढा. तो जेवत नसेल तर समोर बसून खाऊ घाला.

ती म्हणाली, "समोर कोण बसणार?"

मी म्हटलं, "काहीतरी सोय करा."

त्यावर ती जे बोलली ते मला आजही झोपेतून उठवलं तरी शब्दशः सांगता येईल. "माझ्या माहेरी आम्हा बहिणींना कमी आणि भावाला जास्त वाढायचे. मी आईशी त्यावरून उभा दावा मांडला होता. लग्न झाल्यावर मनाशी ठरवलं, माझ्या घरात पळी सगळ्यांना सारखीच. आता तुम्ही सरकारी कागदावर लिहून देताय, मुलीला कमी वाढ."

मी म्हटलं, "तिच्या भल्यासाठीच आहे."

बाई शिकलेल्या माणसाचं ऐकणारी होती. तिने ऐकलं. सोयही केली: शेजारच्या काकू संध्याकाळी येऊन बसायच्या, समोर पत्र ठेवून, पळीने मोजून वाढायच्या. काकू कर्तव्याला चोख. मुलीने ताट पुढे केलं की म्हणायच्या, "तुझं झालं." मुलाला म्हणायच्या, "तू संपवल्याशिवाय उठायचं नाहीस." बहिणीला भावाच्या ताटाला हात लावायची बंदी. मुलगा आईच्या नावाने रडत तास तास ताटापुढे बसायचा, आणि मुलगी समोर रिकामं ताट घेऊन. तिला उठायचीही परवानगी नव्हती. जेवताना सगळ्यांनी एकत्र बसावं, असंही आमच्याच पत्रात होतं.

चार महिन्यांनी फेरमोजणी झाली. मुलगी सेहेचाळीस पूर्णांक दोनवरून त्रेचाळीस पूर्णांक नऊवर. केंद्रात आनंद झाला. त्या वर्षीच्या पुस्तिकेत 'एका कुटुंबाची यशोगाथा' म्हणून अर्धं पान छापलं. जुन्या लोकांना आठवत असेल.

मग तिचा भाऊ काट्यावर चढला. सोळा पूर्णांक तीन. चार महिन्यांत किलोभर वाढ. मला बरं वाटलं. पण हात सरावलेले असतात. चड्डी कमरेवरून ओघळत होती. खिसे चाचपले, तर दोन्ही खिसे खड्यांनी भरलेले. मैदानातले, धुऊन पुसून आणलेले.

मी हसले. मला वाटलं, खोडी. म्हटलं, "काय रे, पैलवान व्हायचंय?"

तो म्हणाला, "माझं वजन वाढलं की माझं पत्र हिरवं येईल ना?"

"येईल की."

"मग ताईला जेवायला देतील."

आणि मी काय केलं, सांगू? नियमात होतं तेच. त्याला खाली उतरवलं, खडे काढून खिडकीत ठेवले, पुन्हा चढवलं, आणि लिहिलं: पंधरा पूर्णांक सहा. साहेब, ही ती बिनचूक नोंद. तो मुलगा तेव्हा रडला नाही, म्हणजे माझी ख्याती कायम राहिली. तो फक्त काट्याकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "ताई, तुम्ही एकदाच चुकीचं लिहा ना."

पत्र पुन्हा लाल गेलं.

त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, ताटांपासून खड्यांपर्यंत. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आपण त्या आईला विचारायला हवं होतं की तुला काय हवंय. ती म्हणाली असती, संध्याकाळ." त्यांनी समितीला लिहिलं की पत्रं थांबवा. समितीने उत्तर दिलं की आकडे उत्साहवर्धक आहेत. बाईंनी पत्रांवर सही करायचं बंद केलं. तर सहीचा शिक्का करून घेतला गेला. शिक्का मारायचं काम, अर्थात, माझ्याकडे आलं. मी मारत राहिले. मला दोन मुलं शिकवायची होती, नोकरी सुटली असती, ही सगळी कारणं खरी आहेत, आणि त्यांतलं एकही मला आज उपयोगी पडत नाही.

त्या आईकडेही मी गेले. म्हटलं, तो सल्ला सोडा, पूर्वीसारखं वाढा, आणि बहीण भावाचं का खायची तेही सांगून टाकलं. उशिराच. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. म्हणाली, "म्हणजे ती माझ्यासाठी खात होती?" मग म्हणाली, "आता मी भरून वाढलं तरी ती घेत नाही, ताई. म्हणते, मला कमीच चालतं."

मुलीने घरात जेवणं सोडलं होतं. शाळेच्या फाटकासमोरून पाकिटं घ्यायची आणि जिन्यात बसून खायची. बाराव्या वर्षी तिचं वजन आधी होतं त्याच्याही वर गेलं. यशोगाथेची पुढची आवृत्ती कुणी छापली नाही. तेराव्या वर्षी माझ्या खोलीच्या दारातूनच ती मला म्हणाली, "मी चढणार नाही." आम्ही जबरदस्ती करत नाही. नोंदवहीत तिच्या नावापुढे लिहिलं, 'अभ्यासातून गळाली'. तीनशे बारा मुलं अशी गळाली. आता गळाली म्हणजे काय, हवेत विरली? माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहत होती ती.

गेल्या वर्षी चष्म्याचा नंबर बदलला म्हणून मी बाजारातल्या एका दुकानात गेले. काउंटरमागे तीच. बावीस वर्षांची. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. "वजनताई ना?" माझ्या डोळ्यांवर तिने इतक्या हळुवार हाताने चष्मा बसवला की मला बसवेना. जेवणाच्या सुटीची वेळ होती, बाकीच्या मुली डबे उघडून बसल्या होत्या. मी म्हटलं, तू नाही का जेवत? म्हणाली, "मी कुणासमोर जेवत नाही. तुमच्यामुळे असं नाही हं. सवय झालीय." तिनेच मला सावरून घेतलं, बघा. अजूनही ती दुसऱ्याचंच सावरते.

भाऊ दुसऱ्या शहरात असतो, तीही माहिती तिनेच दिली. घरी आला की निम्मं ताट टाकून उठतो. ती त्याच्या आधी किंवा नंतर जेवते. आई आता निवृत्त झालीय. सगळ्या संध्याकाळी मोकळ्या आहेत तिच्या. जेवायला बसायला कुणी नाही.

प्रमुख पाहुण्या बाईंचा मला पूर्ण आदर आहे, आणि त्या आपल्या पदावर गेल्याच वर्षी आल्यात, त्यामुळे यात त्यांचा काही दोष नाही. परंतु हे बोलले नाही तर घास गिळवणार नाही. अभ्यास सुरू झाला तेव्हा शंभरांत बारा मुलं लाल पट्टीत होती. आज सत्तावीस आहेत. पहिल्या चार शिफारशी अजून विचाराधीन आहेत. अभ्यास या महिन्यात बंद होतोय, माझी खोली शाळेला झाडू-बादल्या ठेवायला परत गेली. पत्र मात्र बंद झालेलं नाही. पत्राला आता माझ्यासारखी पायपीट करणारी बाई लागत नाही; ते सगळ्याच शाळांतून थेट मोबाईलवर जातं. सल्ल्याच्या दोन ओळी त्याच आहेत, मी ताडून पाहिल्या.

मागच्या आठवड्यात तो संदेश आमच्या सूनबाईंच्या मोबाईलवर आला. माझी नात सात वर्षांची आहे. लाल. सूनबाईंनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आई, तुम्हाला यातलं सगळं कळतं. काय करू?" सूनबाईही सध्या दुसऱ्या पाळीला आहेत. मी तो संदेश दोनदा वाचला. एकोणीस वर्षांचं ज्ञान माझ्या डोक्यात. मोबाईल परत दिला आणि म्हटलं, बघू. ते 'बघू' अजून तसंच आहे. नात मात्र परवापासून ताटात घेताना माझ्या तोंडाकडे बघते.

असो. वेळ फार घेतला. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. नजर अजून शाबूत आहे.

आभार मानायचे तर यादी मोठी. माझा काटा दर सोमवारी तेल-पाणी करून बरोबर ठेवणारे आमचे दुरुस्तीवाले काका. खडबडीत रस्त्यावरही उंचीची पट्टी वाकू न देणारे गाडीवाले दादा. शेरे गाळले जाताना एकदा का होईना, "ताई, हे वाईट वाटतंय," असं म्हणणारी आमची संगणकवाली मुलगी. आणि एकोणीस वर्षं माझं गार जेवण गरम करून देणारे माझे यजमान. शालीबद्दल आणि या सुंदर घड्याळाबद्दल केंद्राची मी ऋणी आहे.

बोलताना काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या, असं म्हणून मी बसायला हवं. आपण घ्याल, याची मला खात्री आहे. तुम्ही चांगली माणसं आहात आणि शिवाय बाहेर चहा निवतोय. पण जिच्या पदरात हे घालायचं ती आई या सभागृहात नाही. मी रविवारी तिच्या घरी निमंत्रण घेऊन गेले होते. दारातच उभी राहून तिने ते वाचलं, नीट घडी घातली आणि मला परत दिलं. मी हात जोडले, म्हटलं, माझं चुकलं, मला माफ करा.

ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं, ताई? तुम्ही सांगितलंत. वाढलं मीच."

नमस्कार.